एसीतला गॅस संपत नाही

सलग तीन वर्षं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या घरात एकच प्रसंग घडायचा. एसी चालू, वारा येतोय, पण गारवा नाही. सर्व्हिसवाल्याला फोन. तो दोन दिवसांनी उगवायचा, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आउटडोअर युनिटला घड्याळासारखं काहीतरी लावायचा आणि मान न वळवता म्हणायचा, "काका, गॅस संपलाय." मी पैसे मोजायचो. पावसाळ्यापर्यंत खोली गार. पुढच्या एप्रिलात पुन्हा, "काका, गॅस संपलाय."

चौथ्या वर्षी तो मुलगा गावाला गेला होता, म्हणून दुसरा मेकॅनिक आला. वयाने मोठा, बोलायला जरा तुसडा. घड्याळ लावण्याआधी त्याने भांडी घासायचा साबण आणि वाटीभर पाणी मागितलं. चांगला दाट फेस केला. बाहेरच्या युनिटला तांब्याची जाड नळी जिथे पितळी नटाने जोडलेली असते, तिथे तो फेस बोटाने फासला आणि बघत बसला. मीही बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग नटाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. पुन्हा मोहरी, पुन्हा वाटाणा. "हे बघा तुमचे तीन वर्षांचे पैसे," तो म्हणाला.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळत नाही, गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो, इतकंच. कमी झाला असेल तर कुठून तरी निसटलाय. ते भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. लेखातलं एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे. पण मला अजून बरंच सांगायचंय.

हमाल आणि त्याची पाटी

एसी थंडी तयार करत नाही. तो हमाली करतो. खोलीतली उष्णता उचलायची आणि भिंतीपलीकडे नेऊन ओतायची, एवढंच त्याचं काम. कॉम्प्रेसर हा हमाल आणि गॅस ही त्याच्या डोक्यावरची पाटी. पाटी आत भरते, बाहेर रिकामी होते, परत आत येते. तीच पाटी दहा-बारा वर्षं पुरते.

आता ही पाटी भरते कशी? हातावर सॅनिटायझर घेतला की तळवा गार पडतो, कारण तो उडून जाताना तळव्याची उष्णता घेऊन जातो. खोलीतल्या युनिटमधल्या नळ्यांत हेच चालतं. आजच्या बहुतेक नव्या एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतो. नळ्यांत त्याच्यावर दाब असतो, म्हणून तिथे तो थोड्या वरच्या, पण तरीही बऱ्यापैकी गार तापमानाला उकळतो आणि उकळताना खोलीच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलचा पंप मारताना त्याचं खालचं टोक हाताला चटका देतं, तसा दाबलेला गॅस चांगलाच तापतो. इतका की बाहेर ४० अंशांचं ऊन असलं तरी ती हवा त्याच्यापुढे गारच ठरते, आणि उष्णता निमूट बाहेर जाते. गॅसचा पुन्हा द्रव होतो, बारीक वाटेतून सुटताना दाब पडतो, तो गार होतो, आणि पुढची खेप सुरू.

या हमालीचा हिशोब मोठा गमतीचा आहे. दीड टनाचा एसी सुमारे ५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो आणि त्यासाठी वीज घेतो साधारण दीड किलोवॅट. ओझं तिप्पट, मजुरी एकपट. जाता जाता 'टन' या शब्दाबद्दल: त्याचा एसीच्या वजनाशी काही संबंध नाही. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता हलवण्याची ताकद म्हणजे एक टन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भुसा घालून मुंबईला यायचा. बर्फाचा तो जमाना या मापात शिल्लक राहिलाय.

आणि हमालाला दिशेचं काही नसतं. सांगितलं तर तो बाहेरची उष्णता घरातही आणेल. थंड देशांत घर तापवायला हेच यंत्र उलटं चालवतात आणि त्याला हीट पंप म्हणतात. आपला एसी म्हणजे एकाच दिशेने चालणारा हीट पंप. त्यामुळे दोघांची दुखणी बहुतांशी सारखीच, फक्त ऋतू वेगळा.

आधी हवेची वाट तपासा

हमाल धडधाकट आहे, पाटीही शाबूत आहे, पण जिन्यात सामान अडकलंय, अशी बहुतेक तक्रारींची गत असते. माझ्या आणि नात्यागोत्यातल्या घरांत एसी 'बिघडल्याचे' जितके फोन आले, त्यातले निम्म्याहून जास्त जाळीवरच्या धुळीपाशी संपले.

इनडोअर युनिटचं पुढचं झाकण वर उचललं की दोन जाळ्या दिसतात. एक काढा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. पलीकडचं झाड दिसलं तर ठीक. राखाडी घोंगडी दिसली, तर एसी गेले काही आठवडे नाकाला रुमाल बांधून पळतोय. नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ जाळीत आणखी घुसणार नाही. सावलीत वाळवा, परत लावा. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी. घरासमोर बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला. यासाठी कुणालाही पैसे द्यायची गरज नाही. आमच्याकडे हे काम धाकट्या लेकीकडे आहे, आणि ती महिन्यातून एकदाच करते. असो.

जाळी तुंबली की आतल्या कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या वेटोळ्यांवर, पुरेशी हवा जात नाही. घ्यायला उष्णताच नाही म्हटल्यावर कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने उरलीसुरली वाटही बंद. लोक मग तापमान १८ वर नेतात, म्हणजे दुखण्यात भर. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. तासा-दोन तासांत बर्फ वितळतो. खाली फडकं अंथरून ठेवा, पाणी टपकणारच. सुरीने, स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडायला जाऊ नका. त्या नळ्यांना भोक पडलं तर मग गॅस खरंच 'संपेल'.

बर्फ कमी हवेमुळे झालाय की कमी गॅसमुळे, हे ओळखायची एक साधी खूण त्या तुसड्या मेकॅनिकने मला दाखवली. आउटडोअर युनिटला दोन नळ्या जातात, एक बारीक, एक जाड. बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ आणि जाड नळी कोरडी, कोमट, तर बहुधा गॅस कमी. जाड नळीवरही दहिवर किंवा बर्फ, तर आत हवा अडलीय. अगदी ब्रह्मवाक्य नव्हे, इन्व्हर्टर एसीत, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होत राहणाऱ्या एसीत, तर नाहीच. पण समोरचा माणूस सरळ गॅसचा सिलिंडर उचलायला लागला की विचारायला उपयोगी पडते.

दुसरी खूण घरातल्या थर्मामीटरची. तापाचा नको, स्वयंपाकाचा किंवा भिंतीवरचा. एसी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर, तो वरून जिथे हवा ओढतो तिथलं तापमान घ्या आणि खाली जिथे सोडतो तिथलं घ्या. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी आपलं काम करतोय. खोली गार होत नसेल तर दोष खोलीचा आहे. पश्चिमेची काच, उघडं दार, वरची तापलेली गच्ची. फरक ३-४ अंशांचाच असेल तर मेकॅनिकला बोलवा.

बाहेरच्या युनिटकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, आणि ओझं उतरवण्याची जागा तर तीच. नव्या इमारतींत ही युनिटं अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगतात. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात युनिट बाल्कनीत कोंडलेलं, समोर वाळत घातलेल्या चादरी. मग दुपारी तीनला कॉम्प्रेसर तापून आपणच बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो. तो बिघाड नाही, जीव वाचवण्याची त्याची सोय आहे. युनिटच्या तोंडासमोर तीन-चार फूट मोकळी जागा आणि मागे हात जाईल एवढी फट, एवढं दिलं तरी फरक पडतो. वरून सावली चालेल. प्लॅस्टिकचं कव्हर घालून एसी चालवणं मात्र चालणार नाही, आणि हे सांगावं लागतंय कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

मुंबई-ठाण्याकडे कबुतरं. मागच्या फटीत काड्या, पिसं, विष्ठा यांचा थर बसतो आणि ती विष्ठा ॲल्युमिनियमच्या पत्र्या खाते. जाळी बसवून घ्या, पण अंतर राखून. किनाऱ्यावरचं दुखणं निराळं. मालवणला माझ्या मेहुण्यांच्या युनिटच्या पत्र्या चौथ्या वर्षी बोट लावलं की पापडासारख्या तुटत होत्या. खारा वारा तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना चिकटलेले असतात नेमका तिथे काम करतो. समुद्राजवळ राहत असाल तर महिन्या-दोन महिन्यांनी, मुख्य स्विच बंद करून, बाहेरच्या कॉइलवर साध्या गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा नको, पत्र्या वाकतात. वायरिंगच्या झाकणाच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. नव्याने घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का ते विचारा. सांडपाण्याच्या उघड्या नाल्याकाठी राहणाऱ्यांनीही हेच विचारावं, कारण नाल्यातून निघणारा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तांबं काळं करून खातो.

टपटप

दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. ते आतल्या पन्हाळीत पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. त्या पन्हाळीत धूळ आणि पाणी मिळून शेवाळी गाळ होतो, पाइप तुंबतो आणि पाणी भिंतीवरून सोफ्यावर येतं. यंत्राला काहीही झालेलं नसतं. बाहेरच्या टोकाकडून पाइपमध्ये सायकलच्या पंपाने हवा मारली किंवा पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने गाळ ओढून घेतला की बहुतेक वेळा काम होतं. ॲसिड ओतू नका.

एक चूक आमच्या शेजारी झाली होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पाइपचं टोक बादलीत सोडलं. बादली भरली, टोक पाण्यात बुडालं, पाइपमधल्या हवेला वाट राहिली नाही आणि पाणी आत तुंबून पलंगावर. टोक नेहमी पाण्याच्या वर ठेवा. ते पाणी लादी पुसायला उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला नको, त्यात धूळ आणि धातूचे कण असतात.

वीज, पाली आणि 'गुंईं'

लाइट गेली, लगेच आली, आपण एसी लावला, पंखा फिरतोय पण गार नाही. घाबरू नका, तीन मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर बंद होतो तेव्हा नळ्यांच्या एका बाजूला जास्त दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. तो सारखा होण्याआधी हमालाला उठवलं तर भरल्या पाटीसह उठाबशी काढायला सांगितल्यासारखं होतं. म्हणून यंत्रातच थांबण्याची सोय असते. रिमोटची बटणं दाबत राहिल्याने ती मिनिटं कमी होत नाहीत.

जुन्या, बिनइन्व्हर्टरच्या एसीत बाहेरून 'गुंईं' असा दबका आवाज येऊन काही सेकंदांत 'टक्' होत असेल आणि हे पुन्हा पुन्हा घडत असेल, तर पहिला संशय कपॅसिटरवर. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा हा काही शे रुपयांचा डबा. कॉम्प्रेसर गेला म्हणून हजारोंचा आकडा कुणी सांगितला तर कपॅसिटर तपासला का, असं विचारायचं. स्वतः मात्र हात लावायचा नाही. स्विच बंद केला तरी त्यात विजेचा साठा राहतो आणि तो माणसाला फेकून देऊ शकतो.

इन्व्हर्टर एसीत कपॅसिटरच्या जागी डोकेदुखी आहे ती पीसीबीची, म्हणजे यंत्राच्या मेंदूची. या मेंदूचा आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू पाल. ऊब आणि किडे शोधत ती सर्किटवर जाते, दोन टोकांना एकदम चिकटते आणि दोघंही संपतात. मेकॅनिक झाकण उघडतो तेव्हा तिचा वाळलेला सांगाडा तिथे शांत पडलेला असतो. मुंग्या आणि उंदीरही आहेतच. भिंतीतून नळ्या जातात ते भोक दोन्ही बाजूंनी पुट्टीने बुजवून घ्या; हे काम बसवतानाच व्हायला हवं आणि नेमकं तेच राहतं. पीसीबी उडाली तर नवीच घ्यावी लागते असं नाही. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्त करून देणारे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलाच नव्हे, आता बहुतेक शहरांत आहेत. वॉरंटीत असेल तर मात्र बाहेरच्या माणसाला उघडू देऊ नका.

वायरिंगबद्दल थोडक्यात. दीड टनाच्या एसीला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, स्वतंत्र लाइन हवी, तांब्याची ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, स्वतःचा एमसीबी (जादा वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग. एसी तासभर चालल्यावर स्विच बंद करून प्लगच्या डोक्याला हात लावून बघा. गरम लागला, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. ढिला सॉकेट आग लावतो. एमसीबी पडला तर एकदा वर करून पाहा. पुन्हा पडला तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, त्याच्याशी हुज्जत घालू नका. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं खोक्यावर लिहिलं असलं तरी वळवाच्या गडगडाटात मुख्य स्विच बंद करणं फुकटात होतं.

गॅस खरंच गेला असेल तर

आता माझ्या बुडबुड्याकडे येतो. तांब्याच्या नळीचं टोक कर्ण्यासारखं पसरवून नटाने आवळतात. त्याला फ्लेअर म्हणतात. पहिल्यांदा बसवणाऱ्याने नट जोर लावून इतका आवळला होता की कर्ण्याच्या काठाला केसाएवढी चीर गेली होती. तीन वर्षं कुणी तिथे पाहिलंच नाही. खरं तर त्या नटाखाली तेलकट काळा डाग होता. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर नळ्यांत फिरतं, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेल धूळ पकडून बसतं. हा डाग कुणालाही दिसतो, फक्त बघावं लागतं.

मेकॅनिकने उरलासुरला गॅस काढून घेतला, नळीचं इंचभर टोक कापलं, नवा कर्णा केला. मग नायट्रोजनचा दाब भरून तासभर काटा हलतो का ते पाहिलं. हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, आउटडोअर युनिटच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच मोजून भरले. या चारांतली एक पायरी गाळली तरी काम कच्चं. नळ्यांत ओल राहिली तर तेल आंबतं आणि कॉम्प्रेसर मरतो, पण तो मरतो दीड वर्षाने. तोवर बिल आणि भरणारा दोघंही गायब.

अंदाजाने, नुसत्या घड्याळाचा काटा बघून भरणं जुन्या एसीत चालून जायचं. इन्व्हर्टर एसीचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर दाबही बदलतो, त्यामुळे काटा खोटं बोलतो. म्हणून वजनकाटा बघितल्याशिवाय मी तरी आता कुणाला व्हॉल्व्हला हात लावू देत नाही.

यात दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. गळती तपासायला किंवा नळ्या साफ करायला ऑक्सिजनचा सिलिंडर वापरू द्यायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. तिथे कोरडा नायट्रोजनच. दुसरं, एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करतात, त्या वेळी नळी उघडी राहून कॉम्प्रेसरने हवा ओढली तरी तो फुटू शकतो. म्हणून शिफ्टिंग करताना जवळ उभं राहून डोकावू नका आणि घाई करायला लावू नका. शिवाय आर-३२ मंदपणे का होईना पेटतो, आणि काही एसींत असणारा आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन आहे. त्यांच्यावर बंद खोलीत गॅसची शेगडी चालू ठेवून काम होता कामा नये. आणि पट्टीवर जो गॅस लिहिलाय तोच भरायचा. "आमच्याकडे आर-२२ आहे, चालतो," असं कुणी म्हणालं तर चहा पाजून रवाना करावं.

लीड्सहून फोन

माझी मावसबहीण इंग्लंडात लीड्सला राहते. तिच्या घरी गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला त्या पहिल्याच जानेवारीत रात्री फोन. "दादा, बाहेरच्या डब्यातून धूर येतोय आणि घर गार पडतंय! बंद करू का?"

धूर नव्हता, वाफ होती. तिथे पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो. हवा गोठणबिंदूच्या जरा वर आणि ओली असली की बाहेरच्या कॉइलवर दहिवर गोठतं. मग यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं, म्हणजे आपल्या एसीसारखं घरातली थोडी उष्णता बाहेर पाठवतं आणि कॉइलवरचा बर्फ वितळवून घेतं. त्या वेळी पंखा थांबतो, वाफेचे लोट उठतात, युनिटखाली पाण्याचं थारोळं होतं. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. काळजी कधी करायची? बर्फाचा गड्डा तासन् तास तसाच राहिला तर. तेव्हा बघायचं की पाला, बर्फ किंवा कुंड्यांनी हवेची वाट अडवलीय का. पुन्हा तीच जिन्याची गोष्ट.

तिची दुसरी तक्रार अशी की रेडिएटर, म्हणजे आत गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या लोखंडी पेट्या, कोमटच लागतात. बॉयलरच्या काळात ते चटका द्यायचे. हीट पंप साधारण ३५ ते ५० अंशांचंच पाणी फिरवतो, कारण जितकं गरम पाणी मागाल तितका हमालाला उंच जिना चढावा लागतो आणि वीज वाढते. तो कमी तापमानाला दिवसभर संथ चालवायचा. ती मात्र मराठी काटकसरीने रात्री बंद करायची आणि सकाळी सहाला सुरू. घर तापायला दुपार व्हायची आणि बिलही जास्त. सवय बदलली, तक्रार संपली.

तिकडच्या यंत्रात पाण्याचं चक्रही असल्याने दुखणी थोडी वाढतात. दाबाचा काटा साधारण १ ते २ बारच्या मध्ये हवा. सारखा खाली येत असेल तर पाणी कुठेतरी गळतंय, आणि नुसतं भरत राहणं म्हणजे माझे तीन एप्रिल. जुन्या रेडिएटरचा लोखंडी काळा गाळ पकडायला चुंबकाचा फिल्टर असतो, तो दरवर्षी साफ करून घ्यायचा. ऐन थंडीत पंप पूर्ण बंद पडला तर नळाच्या गरम पाण्याच्या टाकीत बहुतेक ठिकाणी विजेचा साधा हीटर असतो. तो लावला की अंघोळी तरी होतात. मी तिला सांगितलं, त्याचं बटण कुठे आहे ते आज शोधून ठेव, बर्फ पडल्यावर नको.

फोन करण्याआधी

आपल्याकडे एसीचा मेकॅनिक होळीनंतर देवासारखा दुर्मिळ होतो. सर्व्हिस फेब्रुवारीत उरका. वापर थांबवताना शेवटच्या दिवशी तासभर नुसता पंखा चालवा, म्हणजे कॉइल वाळते आणि पुढच्या वर्षी आंबूस वास येत नाही.

बंद पडलाच तर आधी जाळी, रिमोटचे सेल, मोड कूलिंगवर आहे ना, एमसीबी. मग मुख्य स्विच दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू. पडद्यावर किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यातून काही कोड दिसला तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. एकाच कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, तो तुमच्याच पुस्तिकेत बघायचा. युनिटच्या पट्टीचाही फोटो हवा. त्यावर मॉडेल, गॅसचं नाव आणि वजन असतं. जळका वास, ठिणगी किंवा शॉक लागला तर यातलं काहीच करू नका, मुख्य स्विच बंद करा आणि थांबा.

माणूस आल्यावर "गॅस भरा" असं आपण होऊन म्हणू नका. काय होतंय तेवढं सांगा. गॅस कमी आहे म्हणाला तर कुठून गेला ते दाखवायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर गॅसचं नाव नि वजन लिहून घ्या. वॉरंटी असूनही कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

दहा वर्षं उलटली, कॉइल सडली, वर कॉम्प्रेसरही गेला, असं सगळं एकदम आलं तर मी दुरुस्तीच्या मागे लागणार नाही. पण जुना एसी भंगारवाल्याला देतानाचं एक दृश्य मी आमच्याच गल्लीत पाहिलंय. त्याला हवं असतं तांबं. त्याने कटरने दोन्ही नळ्या कचाकच तोडल्या, फुस्स असा लांबलचक आवाज झाला आणि अर्ध्या मिनिटात शांत. तेवढ्यात किलोभर आर-३२ हवेत गेला असेल, तर तापमानवाढीच्या हिशोबात तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. जवळपास २९० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. एसी भिंतीवर असताना, चालू स्थितीत, मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून घेता येतात. बिलावर तशी ओळ लिहून घ्या, आणि ते युनिट भंगारवाल्याला न देता नव्या एसीच्या बदल्यात जुना घेणाऱ्याला किंवा ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राला द्या.